फावल्या वेळातली मोबाइलवरची जोडकमाई : नवख्यांसाठी पायरीपायरीने

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या गावात मी राहते, तिथे दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की कोणाला मान वर करायला फुरसत नसते. पण शिवरात्र उलटते, वावरे मोकळी होतात, पुढे नवतप्याच्या उन्हात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि मग हाताला काम नसले तरी हातात मोबाइल असतोच, अशी घरोघरची स्थिती होते. आमच्या बचत गटाचा हिशेब मी लिहिते. दर उन्हाळ्यात गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघतोच : "ताई, मोबाइलवर सर्व्हे भरून पैसे मिळतात म्हणतात, ते खरे आहे का?"

खरे आहे, पण थोडे मिळतात. गेली तीन वर्षे मी स्वतः हे करते आणि प्रत्येक रुपयाची नोंद वहीत ठेवते. त्या वहीच्या आधारावर सांगते की मोबाइलचा रिचार्ज निघेल, मुलांच्या वह्या-पेनांना हातभार लागेल, एखाद्या महिन्यात त्याहून थोडे अधिक मिळेल. घर यावर चालणार नाही. जो कोणी "घरबसल्या रोज दोन हजार" असा आकडा सांगतो, तो तुम्हाला पैसे द्यायला नव्हे तर तुमच्याकडून पैसे काढायला आलेला असतो, असे समजून त्याच्यापासून दूर राहावे.

हा पैसा येतो कुठून

सुरुवात करण्याआधी हे समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण खरे आणि खोटे ओळखण्याची पहिली कसोटी इथेच आहे.

बाजार समितीत शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या अडत्याला जशी अडत मिळते, तशीच पद्धत ऑनलाइन दुकानांमध्ये आहे. दुकानाकडे ग्राहक पाठवणाऱ्या मध्यस्थाला दुकान विक्रीवर कमिशन देते आणि मध्यस्थ त्यातला काही भाग ग्राहकाला परत करतो. त्याला कॅशबॅक म्हणतात. २०१३ मध्ये सुरू झालेली कॅशकरो ही कंपनी याच पद्धतीवर चालते. दुसरा प्रकार सर्वेक्षणांचा. साबण, मोबाइल, विमा, खाद्यतेल विकणाऱ्या कंपन्यांना लोकांची मते हवी असतात, त्या संशोधन कंपन्यांना पैसे देतात आणि संशोधन कंपन्या मत देणाऱ्याला गुणांच्या रूपात मोबदला देतात. टोलुना, वायसेन्स, स्वॅगबक्स ही या क्षेत्रातली जुनी नावे आहेत. तिसरा प्रकार सवय लावण्याचा : पैसे पाठवण्याच्या ॲपवर मिळणारी स्क्रॅच कार्डे किंवा मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावर शोध घेतल्याबद्दल मिळणारे गुण. कंपनीला तुम्ही तिचे कायमचे ग्राहक व्हायला हवे असता, म्हणून ती जाहिरातीच्या खर्चातला थोडा वाटा तुम्हाला देते.

कोणताही नवा रिवॉर्ड कार्यक्रम, म्हणजे असे पैसे किंवा गुण देणारे ॲप वा संकेतस्थळ, समोर आला की स्वतःला विचारा : यात पैसा कोणाच्या खिशातून येतो आहे? उत्तर सापडले नाही, किंवा "नवीन येणाऱ्यांच्या पैशातून" असे निघाले, तर तो कार्यक्रम तिथेच सोडून द्या.

पहिली पायरी : वेगळे बँक खाते

हे मी सर्वांत आधी सांगते, कारण बहुतेक जण हेच सर्वांत शेवटी करतात. आपल्याकडे कास्तकाराच्या घरात एकाच खात्यावर सगळे येते : पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, तेवढेच नमो शेतकरी महासन्मान निधीचे, लाडक्या बहिणीचे महिन्याचे पैसे, शिवाय कापसाचा चुकारा. उद्या एखाद्या भलत्या माणसाने फसवणुकीतले पैसे तुमच्या खात्यात टाकले आणि ज्याचे ते पैसे होते त्याने तक्रार केली, तर बँक तुमचे खाते गोठवू शकते. पेरणीच्या तोंडावर असे झाले तर बियाण्यालाही पैसे काढता येणार नाहीत.

म्हणून या कमाईसाठी वेगळे, कमी शिल्लक ठेवता येईल असे खाते उघडावे. १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते पोस्टमन घरी येऊन उघडून देतो, त्यामुळे तालुक्याला खेप मारावी लागत नाही. मात्र एक काळजी घ्या. नवे खाते उघडताना, सरकारी अनुदान याच खात्यात यावे यासाठी आधार जोडायचे का, असे विचारले जाते. तिथे स्पष्ट नकार द्या. अनुदान त्या खात्यात जाते, जे आधारशी सर्वांत शेवटी जोडले गेले असेल. फॉर्मवर न वाचता सही केली की पुढचा हप्ता भलत्याच खात्यात गेलेला दिसतो आणि बाया जुन्या बँकेच्या चकरा मारत बसतात. आमच्या गटात हे दोघींच्या बाबतीत झाले आहे.

यूपीआय या नव्या खात्यालाच जोडा आणि त्यात पाचशे-हजारांच्या वर रक्कम साठू देऊ नका.

दुसरी पायरी : वेगळा ईमेल, खरी माहिती

या कामासाठी एक नवा जीमेल पत्ता तयार करा, कारण नोंदणी झाली की रोज पाच-दहा मेल येऊ लागतात आणि त्यात बँकेचे किंवा मुलांच्या शिष्यवृत्तीचे महत्त्वाचे मेल हरवतात. पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा आणि तो वहीत लिहून कपाटात ठेवा. मोबाइलच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको.

नाव बँक खात्यावर आहे तसेच, तंतोतंत लिहा. पैसे काढताना नाव जुळले नाही तर रक्कम अडकते. वय खरे द्या. सर्वेक्षणांत पुढे तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारले जातात आणि उत्तरे जुळली नाहीत की खाते बंद होते. शहरातल्या लोकांना जास्त सर्व्हे येतात म्हणून काही जण नागपूर किंवा मुंबईचा पिनकोड टाकतात. तसे करू नये. तुमचा मोबाइल कुठून चालतो हे कंपनीला कळते, आणि कधीमधी ट्रॅक्टर, खत, गावातल्या किराणा दुकानातली खरेदी या विषयांवर ग्रामीण माणसाचेच मत हवे असते. त्या वेळी खरा पिनकोडच कामाला येतो. एका व्यक्तीचे एकच खाते असते, आणि बऱ्याच ठिकाणी एका घरातून एकच खाते चालते, ही अट नोंदणीच्या वेळी वाचून घ्या.

आधार क्रमांक किंवा बँकेचा ओटीपी कोणत्याही सर्वेक्षणाला लागत नाही. पॅन फक्त तिथेच द्यावे, जिथे पैसे घेण्याचे खाते उघडायचे आहे.

तिसरी पायरी : जे घेणारच आहात, त्यावर सूट

नवख्या माणसाने सर्वेक्षणाच्या आधी कॅशबॅकपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे, कारण यात वेगळा वेळ जात नाही. रिचार्ज करायचाच आहे, वीजबिल भरायचेच आहे, मुलीसाठी दप्तर मागवायचेच आहे. मग ते अशा वाटेने मागवावे की चार रुपये परत येतील.

कॅशबॅकच्या ॲपमधून दुकानाच्या दुव्यावर (लिंकवर) गेलात की तुमच्या त्या भेटीची नोंद होते. त्यानंतर मध्येच दुसऱ्या कूपनच्या साइटवर गेलात, तर ती नोंद दुसऱ्याच्या नावावर जाते आणि तुमचा कॅशबॅक बुडतो. म्हणून आधी वस्तू ठरवा, भाव पाहून घ्या, दुकानाच्या ॲपमधली खरेदीची टोपली (कार्ट) रिकामी ठेवा आणि मग दुव्यावरून जाऊन एका बैठकीत खरेदी पूर्ण करा. खरेदी दिसू लागायला काही तासांपासून काही दिवस लागतात. रक्कम पक्की व्हायला मात्र वस्तू परत करण्याची मुदत संपावी लागते, म्हणजे अनेकदा एक ते तीन महिने. वस्तू परत केली, तर कॅशबॅकही गेला. एवढा उशीर होतो हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण पहिल्याच महिन्यात "फसवले" म्हणून ॲप काढून टाकतात.

शंभर रुपये परत मिळतात म्हणून नको असलेली हजाराची वस्तू घेणे, हा नऊशेचा तोटा आहे. हे सगळ्यांना पटते, तरी सणासुदीच्या सेलमध्ये हमखास विसरले जाते.

चौथी पायरी : सर्वेक्षणे

इथे सर्वांत जास्त धीर लागतो. मला आठवते, चैत्रातली दुपार होती, मी ओसरीत बाजेवर बसून केसांच्या तेलाविषयीचा एक सर्व्हे भरत होते. तो अठरा मिनिटांचा म्हणून दाखवला होता. तेल कोणते, किती दिवस पुरते, कोण आणते, सगळे नीट भरले. मग प्रश्न आला : गेल्या बारा महिन्यांत तुम्ही किती वेळा विमानाने प्रवास केला? मी "एकदाही नाही" ही खूण केली आणि पडद्यावर ओळ उमटली की तुम्ही या सर्वेक्षणासाठी पात्र नाही. बारा मिनिटे गेली होती, मिळाले काहीच नाही.

त्यात माझी चूक नव्हती. प्रत्येक सर्वेक्षणाला ठरावीक वयाची, ठरावीक उत्पन्नाची, ठरावीक भागातली ठरावीक माणसे हवी असतात. तेवढी माणसे झाली किंवा तुम्ही त्यांच्या चौकटीत बसला नाहीत, की तुम्हाला बाहेर काढले जाते. यावर उपाय म्हणजे नोंदणीनंतर लगेच प्रोफाइलचे सगळे प्रश्न भरून ठेवणे, कारण त्यावरूनच जुळणारे सर्व्हे येतात. शक्यतो पाच ते दहा मिनिटांचे सर्व्हे आधी घ्या. घाईने कोणतेही बटण दाबत पुढे जाऊ नका, कारण मध्येच "या प्रश्नाला 'सहमत' हेच उत्तर निवडा" असा प्रश्न लक्ष तपासण्यासाठी पेरलेला असतो, आणि किती सेकंदांत उत्तर दिले हेही मोजले जाते.

भाषेची अडचण खरी आहे. बहुतेक सर्वेक्षणे इंग्रजीत असतात, काही हिंदीत. मराठीत फारच थोडी. ज्यांना इंग्रजी वाचायला अवघड जाते त्यांनी सुरुवातीला कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवावे, पण उत्तर स्वतःचेच द्यावे. आणि आपल्याकडे लाइन गेली की थोड्या वेळाने टॉवरही बंद पडतो, तेव्हा मोबाइलची बॅटरी भरलेली असताना आणि रेंज चांगली असतानाच लांब सर्व्हे उघडावा. मध्येच तुटलेला सर्व्हे बहुधा पुन्हा सुरू होत नाही.

गुगल ओपिनियन रिवॉर्ड्सविषयी वेगळे सांगावे लागते, कारण सोपे आणि लहान असल्यामुळे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. यात एकदोन प्रश्न येतात आणि काही रुपये मिळतात; पण भारतात अँड्रॉइड मोबाइलवर ते रोख मिळत नाहीत, गुगल प्लेच्या शिल्लकेत जमा होतात आणि एका वर्षात वापरावे लागतात. त्यातून पुस्तक किंवा एखादे शैक्षणिक ॲप घेता येते, बँकेत मात्र ते येत नाहीत. मुलांसाठी हे चांगले वाटते, पण नोंदणीसाठी बहुतेक कार्यक्रमांना वय १८ पूर्ण असावे लागते, हे लक्षात असू द्या.

पाचवी पायरी : वहीत हिशेब

गुणांचे आकडे मोठे दिसतात आणि डोळे दिपवतात. म्हणून गुणांचे रुपये आणि मिनिटांचे तास करायला शिका. समजा, एका ठिकाणी १०० गुणांना एक डॉलर मिळतो, आणि २० मिनिटांच्या सर्वेक्षणाला ४० गुण आहेत. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर हे ३४ रुपये झाले. पण त्याआधी तीन सर्वेक्षणांतून तुम्हाला बाहेर काढले गेले आणि त्यात १५ मिनिटे गेली, तीही धरायला हवीत. म्हणजे ३५ मिनिटांचे ३४ रुपये, तासाला अठ्ठावन्नच्या आसपास. हा चांगला दिवस झाला. वाईट दिवशी तासाला पंधरा रुपयेही पडत नाहीत. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. तेव्हा मजुरी बुडवून, निंदण सोडून किंवा लेकरांचा अभ्यास थांबवून सर्व्हे भरण्यात काही अर्थ नाही. ज्या अर्ध्या तासात एरवी नुसते व्हिडिओ पाहिले गेले असते, तोच अर्धा तास याला द्यावा.

माझ्या वहीत पाच रकाने आहेत : तारीख, कार्यक्रमाचे नाव, लागलेली मिनिटे, मिळालेले रुपये आणि प्रत्यक्ष खात्यात आलेले रुपये. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवण्याचे कारण असे की पडद्यावर दिसणारा पैसा आणि हातात आलेला पैसा यांत महिन्यांचे अंतर पडते. महिना संपला की ज्या कार्यक्रमात तासाला वीस रुपयेही पडले नाहीत, तो मी बंद करते. व्हिडिओ पाहून गुण मिळवण्याचे कार्यक्रम माझ्या वहीत असेच कापले गेले, कारण दिवसाचा सगळा डेटा त्यात संपतो.

सहावी पायरी : पहिली रक्कम लवकर काढा

नोंदणी करण्याआधीच पाहा की कमीत कमी किती रक्कम झाल्यावर पैसे काढता येतात. ही मर्यादा जितकी लहान, तितके नवख्याला बरे. मर्यादा गाठली की वाट पाहू नका, लगेच काढा. पहिली रक्कम प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय त्या कार्यक्रमाला जास्त वेळ देऊ नका आणि कोणाला सुचवूही नका.

पैसे मिळण्याच्या वाटा तीन आहेत. भारतीय कंपन्या बहुधा यूपीआयने किंवा थेट बँकेत देतात. काही जण ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टचे गिफ्ट कार्ड देतात. त्याचा कोड आला की त्याच दिवशी आपल्या खात्यात जोडून टाका आणि मुदत लिहून ठेवा. परदेशी कंपन्या पेपॅलने देतात. पेपॅलने भारतातल्या भारतात व्यवहार करण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली असली, तरी परदेशातून येणारे पैसे त्यावर घेता येतात आणि ते तुमच्या बँकेत वळते होतात. त्यासाठी पॅन लागते आणि डॉलरचे रुपये करताना काही रक्कम कापली जाते, म्हणून दोन-दोन डॉलर काढण्यापेक्षा थोडे साठवून काढणे परवडते. पण हे पहिल्या खात्रीनंतर. जे आयकर विवरणपत्र भरतात, त्यांनी ही मिळकतही त्यात दाखवावी.

सातवी पायरी : इतरांना जोडणे

आपल्या दुव्यावरून कोणी ॲप घेतले की दोघांनाही काही रक्कम मिळते, ही पद्धत गैर नाही. पण गावात आपल्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, म्हणून जे आपण स्वतः वापरले आणि ज्याचे पैसे आपल्याला मिळाले, तेच सुचवावे. डीमॅट खाते (शेअर ठेवण्याचे खाते) किंवा क्रेडिट कार्ड उघडायला लावून मिळणारे बक्षीस मोठे असते, परंतु त्या खात्याचे वार्षिक शुल्क पुढे समोरच्या माणसाला बसू शकते. ते सांगितल्याशिवाय कोणाला त्यात ओढू नये. पैसे भरून सभासद व्हा, मग खाली माणसे जोडा, त्यांच्या पैशातून तुम्हाला वाटा मिळेल, अशी साखळी मात्र १९७८ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तिचे नाव किती गोड आहे यावर ते अवलंबून नाही.

फसवणूक कशी सुरू होते

आमच्या तालुक्यातल्या एका तरुणाला एका संदेश-ॲपवरच्या गटात घेतले गेले. व्हिडिओला लाइक करा, त्याचा फोटो पाठवा, प्रत्येकी पन्नास रुपये. पहिल्या दिवशी त्याच्या खात्यात खरोखर दीडशे रुपये आले. दुसऱ्या दिवशी सांगितले की मोठे काम हवे असेल तर १००० रुपये भरा, १३०० परत मिळतील, तेही मिळाले. त्याने हे घरी दाखवले आणि घरच्यांचाही विश्वास बसला. मग ५०००, मग १५०००, आणि त्यानंतर पडद्यावर आकडा वाढत गेला, पण पैसे काढायला गेला की "आधी कर भरा", "एक काम चुकले, ते दुरुस्त करायला इतके भरा". सोयाबीन विकून आलेले पैसे चार दिवसांत गेले. गटातले जे बाकीचे लोक "मला मिळाले, मला मिळाले" म्हणत होते, ते सगळे फसवणाऱ्यांचेच होते.

यातली खूण एकच : कमाईसाठी आधी पैसे भरायला सांगणे. नोंदणी शुल्क असो, अनामत असो, कर असो, नाव काहीही असो. खरा रिवॉर्ड कार्यक्रम तुमच्याकडून एक रुपयाही मागत नाही.

आणखी काही गोष्टी मनात पक्क्या असाव्यात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जातात. व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाइल उघडू नये, मग ती पीएम किसानच्या नावाची असली तरी. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे, घेण्याआधी एक तारा दिलेल्या लोकांचे अभिप्राय वाचावेत, आणि सर्वेक्षणाचे ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागत असेल तर ते काढून टाकावे. कोणी कितीही कमिशन देऊ केले तरी आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिम वापरायला देऊ नये. कॉलेजच्या मुलांना नेमके याच कामासाठी गाठले जाते आणि नंतर गुन्ह्यात नाव त्यांचे येते. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातली आहे, तेव्हा असे ॲप कोणी "कमाईचे" म्हणून दाखवले तर ते या लेखातल्या कोणत्याही पायरीत बसत नाही.

तरीही पैसे गेलेच, तर लाजेपोटी दोन दिवस गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा, कारण गेलेले पैसे तासाभरात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकतात आणि लवकर कळवले तर वाटेत अडवता येतात. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवून फोन करा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवा, मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहा आणि आपल्या बँकेलाही त्याच दिवशी कळवा. गटातले संदेश रागाने पुसून टाकू नका. त्यांचे फोटो काढून ठेवा, पोलिसांना तेच लागतात.

बंद करताना

मृग लागला, पेरणी सुरू झाली की यातले बरेच काम आपोआप सुटते. त्या वेळी नुसते ॲप मोबाइलमधून काढून टाकणे पुरेसे नाही, कारण तुमची माहिती कंपनीकडे तशीच राहते आणि अनेक ठिकाणी ठरावीक महिने वापर झाला नाही तर साठलेले गुणही रद्द होतात. आधी जेवढी रक्कम काढता येते तेवढी काढा, ती खात्यात जमा झाल्याची खात्री करा, मग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन खाते हटवण्याचा पर्याय निवडा आणि शेवटी ॲप काढा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करायचे असलेले एकदोन कार्यक्रम मात्र चालू ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा, पावसाने काम थांबलेल्या एखाद्या दुपारी, ते उघडून पाहावेत.